आगोटीची बेगमी

मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात सिंधुदुर्गातल्या कुठल्याही वाडीत गेलं, की घरापुढचं शेणाने सारवलेलं खळं लालजांभळं दिसतं. तट्ट्यांवर, जुन्या साड्यांवर, प्लॅस्टिकच्या कागदावर रातांब्यांची, म्हणजे कोकमाच्या फळांची, सालं वाळत पडलेली असतात. घरातलं कुणी ना कुणी तासातासाने बाहेर येतं, आधी आभाळाकडे बघतं, मग सालांकडे, आणि काही न बोलता आत जातं.

२०२५ साली हे बघणं फारसं उपयोगी पडलं नाही. तळकोकणात मोसमी पाऊस एरवी मृगाच्या आसपास येतो, म्हणजे ७ जूनच्या आगेमागे. त्या वर्षी तो २५ मे रोजीच देवगडपर्यंत येऊन ठेपला आणि दुसऱ्या दिवशी मुंबईत. त्याच्याही आधी चार-पाच दिवस धुवाधार वळीव कोसळत होता. शहरात बातमी झाली ती तुंबलेल्या रस्त्यांची. कोकणातल्या घरांपुढे प्रश्न वेगळाच होता. सालं अर्धी ओली, सरपण उघड्यावर, कौलं अजून चाळायची, फणसपोळीचा शेवटचा थर ताटात चिकट. पाऊस पंधरवडाभर लवकर आला म्हणजे पिकाला पाणी लवकर मिळालं, एवढाच त्याचा अर्थ इथे होत नाही. वर्षाच्या हिशेबातले सर्वांत मोलाचे पंधरा दिवस हातचे गेले, असा होतो.

कोकणात पावसाच्या तोंडाला ‘आगोट’ म्हणतात आणि त्यापूर्वी घरात भरून ठेवायच्या जिनसांना आगोटीची बेगमी. गोव्यात यालाच ‘पुरुमेंत’ हा शब्द आहे, पोर्तुगिजांच्या ‘प्रोव्हिमेंतो’वरून आलेला; तिथे मे महिन्यात पुरुमेंताची फेस्तं भरतात आणि सुकी मासळी, मिरच्या, कोकम, मडकी यांची खरेदी होते. शब्द दोन, गरज एकच. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला सरासरी ३ हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. तेवढे दिवस ऊन नाही, वाळवण नाही. पूर्वी तर ओढ्याला पूर आला की बाजारही नाही. मासळीही आटते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते, आणि ती नव्हती तेव्हा खवळलेला समुद्रच ती बंदी पाळायला लावत असे.

म्हणूनच कोकणातल्या छोट्या शेतघराचं वर्ष समजून घ्यायचं तर पेरणी-कापणीच्या तारखा पुरत नाहीत. एका ऋतूत केलेलं काम दुसऱ्या ऋतूत खाल्लं, जाळलं, पांघरलं किंवा पेरलं जातं, आणि कुटुंबातल्या प्रत्येकाचं काम या उधारउसनवारीत ठरून गेलेलं असतं.

आधी जमीन पाहू. २०१५-१६च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रात एका खातेदाराकडे सरासरी १.३४ हेक्टर जमीन आहे, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास. कोकणात तीही एका जागी सापडत नाही. वर जांभ्या दगडाचा सडा, तिथे पावसाळ्यात हातभर गवत आणि उन्हाळ्यात नुसता तापलेला कातळ. त्याखाली उतारावर भरड जमीन. तिच्यात नाचणी, हळवं भात, अलीकडे काजू. मग घर, गोठा, विहीर आणि परसू. परसात माड, पोफळी, त्यांच्यावर चढवलेले मिरवेल, चार केळी, सांडपाण्यावर अळू. अगदी खाली ओढ्याकाठचे मळे. तिथे पाणी साचून राहतं, म्हणून तिथे उशिरा तयार होणारं गरवं भात. हळवं, निमगरवं आणि गरवं ही भाताची तीन नावं म्हणजे खरं तर तीन उंचीवरच्या जमिनी आणि तीन वेगवेगळे कापणीचे आठवडे. सगळं भात एकदम तयार झालं तर कापायला माणसं आणायची कुठून? तीन पातळ्यांवर पिकवलं की तेच चार हात तिन्हीकडे पुरतात.

भाताची तयारी पावसाच्या कितीतरी आधी, शिमग्याच्या सुमारास सुरू होते. जेवढं भात लावायचं त्याच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढी जमीन रोपांसाठी राखलेली असते. तिच्यावर शेण, ऐन-किंजळीच्या तोडलेल्या डहाळ्या म्हणजे कवळ, पालापाचोळा, गवत असे थर देतात, वर मातीचा पातळ पदर पसरतात आणि पेटवतात. पेटवायचं तेही वाऱ्याच्या पडत्या बाजूने, म्हणजे आग वाऱ्याविरुद्ध हळूहळू सरकत जाते आणि माती खोलवर भाजते. ही भाजावळ, उत्तर कोकणात हिला राब म्हणतात. वरच्या थरातलं तणाचं बी आणि किडी जळतात, राखेतून पालाश मिळतं, माती भुसभुशीत होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत याच डहाळ्यांवरून शेतकरी आणि जंगलखातं यांच्यात मोठा झगडा झाला होता. रोपवाटिका भाजायला दरवर्षी झाडं ओरबाडायची का, हा जंगलखात्याचा सवाल. आणि कवळ नसेल तर तण काढायला माणसं कोण देणार, हा शेतकऱ्याचा. दोघांचंही खरं होतं. आज कृषिविद्यापीठ गादीवाफ्यावर रोपं करायला सांगतं आणि भाजावळ पुष्कळ कमी झाली आहे. तरी मार्च-एप्रिलच्या संध्याकाळी डोंगरउतारावर धुराची एखादी निळसर रेघ अजून दिसते.

मार्च ते मे हे महिने दिसायला सुट्टीचे. मुंबईहून पोरंटोरं आलेली, आंबे, करवंदं, नदीवर डुंबणं. प्रत्यक्षात घरातल्या मोठ्यांना वर्षभरात याच दिवसांत सर्वांत कमी झोप मिळते. काजूची बोंडं रोज सकाळी गोळा करावी लागतात, नाहीतर बिया रानडुकरं नाहीतर शेजारची पोरं उचलतात. कोवळ्या काजूगरांची उसळ पाहुण्यांना हवी असते, पण ओली बी कापताना तिच्या सालीतलं तेल कातडीला लागलं तर भाजल्यासारखं सोलटून निघतं. म्हणून बोटांना राख किंवा तेल चोपडून, विळीवर, एकेक. ताटलीभर गर निघायला दुपार जाते आणि ताटलीभर उसळ संपायला दहा मिनिटंही लागत नाहीत.

रातांब्यांचं काम त्याहून चिवट. पिकलेलं फळ दोन्ही हातांनी दाबून फोडायचं, आतला बियांचा गोळा रसासकट भांड्यात टाकायचा आणि साल उन्हात टाकायची. संध्याकाळी ती सालं त्याच रसात मीठ घालून बुडवायची, सकाळी पुन्हा उन्हात. असं पाच-सहा दिवस चाललं की साल काळसर, मऊ आणि खारट-आंबट होते. तेच आमसूल, इथल्या भाषेत सोल. नुसतं मीठ घालून काढून ठेवलेला रस म्हणजे आगळ, साखरेत मुरवलेल्या सालांचं अमृतकोकम. राहिल्या बिया. त्या वाळवून, कुटून पाण्यात उकळल्या की तूप वर तरंगतं. गार झाल्यावर हाताने वळून त्याचे गोळे करतात. हे मुठेल शरीराच्या उष्णतेच्या आसपासच वितळतं, त्यामुळे हिवाळ्यात टाचांना भेगा पडल्या की गोळा किंचित गरम करून चोळला की झालं. मे महिन्यातल्या फळाचा असा जानेवारीतल्या टाचेशी संबंध येतो. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण घराच्या हिशेबात त्याची किंमत बरणीने मोजतात. सोलांच्या दोन बरण्या घरात असतील तर पावसाळ्यात आमटीला चिंच नाही, टोमॅटो नाही, तरी काही अडत नाही.

फणसाचंही तसंच. कापा गरा खायचा, बरक्याचा रस काढून ताटांत थापून फणसपोळी. कच्चे गरे मिठाच्या पाण्यात बरणीत. हे खारातले गरे जुलैत भाजी नसते तेव्हा बाहेर निघतात. आठळ्या धुऊन लाल मातीत घोळवून काळोख्या कोपऱ्यात ठेवल्या की महिनोन्महिने सुकत नाहीत. मुसळधार पावसात चुलीच्या निखाऱ्यावर भाजून खायच्या त्या याच.

एकीकडे बाया खळ्यात आणि चुलीपाशी, तर दुसरीकडे पुरुष छपरावर. शाकारणी म्हणजे सगळं छप्पर चाळून फुटकी कौलं किंवा नळे बदलणं, सरकलेले नीट बसवणं, वाशांवरचा कचरा झाडणं. माकडांच्या कृपेने हे काम दरवर्षी नव्याने निघतं. मंगलोरी कौलं आली ती १८६५ साली बासेल मिशनने मंगळूरला कारखाना काढला त्यानंतर. त्याआधी कुंभाराचे अर्धगोल नळे, त्याहीआधी गवत. पडवीला पावसाची झड लागू नये म्हणून माडाच्या झावळ्या विणून झापं बांधायची. गोठ्याच्या माळ्यावर पेंढा, पडवीच्या टोकाला लाकूडफाटा, शेणी आणि नारळाची सोडणं छतापर्यंत रचायची. ओलं सरपण घरात आलं तर चार महिने धूर खावा लागतो. त्यामुळे घर किती शिस्तीचं आहे हे इथे सरपणाच्या रचणीवरून ओळखतात.

मग मृग. सूर्य एकेका नक्षत्रात साडेतेरा दिवस असतो आणि शेतकरी पावसाचं वेळापत्रक याच तुकड्यांत मांडतो. रोहिणीत कोरड्या मातीत बी पेरून ठेवायचं, ही धूळवाफ. मृगाला रोपं वर यायची. आर्द्रा लागल्या की लावणीला हात घालायचा. पुनर्वसूचा पाऊस तरणा, पुष्याचा म्हातारा. घरच्या म्हाताऱ्या माणसाला इंग्रजी तारीख आठवत नसली तरी ‘तरण्यात लावणी संपली होती’ एवढं पंचवीस वर्षांपूर्वीचंही आठवतं. पावसाने दगा दिला, रोपं कुजली, तर भाताला मोड आणून चिखलात फोकायचं. ही रहू पद्धत म्हणजे हुकलेल्या वेळापत्रकाची दुरुस्ती.

मिरगाच्या दिवशी कोंबडीवडे होतात, ओढ्याला पहिलं लाल पाणी येतं आणि अंडी घालायला प्रवाहाच्या उलट चढणारे मासे धरायला रात्री बत्त्या घेऊन माणसं निघतात. पंधरवड्याभरात गडग्याच्या कडेने टाकळा उगवतो, मागोमाग भारंगी, कुर्डू, फोडशी. सगळ्या बरण्या भरलेल्या असतानाही या रानभाज्यांची ओढ असते, कारण दोन महिन्यांत हिरवं पान ताटात आलेलं नसतं.

लावणी ही या वर्षातली सर्वांत कठीण गाठ. रोपाला म्हणजे तरव्याला तीन आठवडे झाले की तो उपटून चिखलात लावायला हवा. फार जून झाला तर फुटवे कमी येतात, म्हणजे लोंब्या कमी. पण चिखलणीला पाणी हवं, जोत हवं आणि लावायला माणसं हवीत, ती गावातल्या प्रत्येकालाच एकाच आठवड्यात हवी असतात. पैशाने हे सुटत नव्हतं, कारण मजुरी करायला मोकळा असा माणूसच गावात नसे. म्हणून सावड. आज चार घरच्या बाया एकीच्या मळ्यात, उद्या दुसरीच्या. कुणाकडे एकच बैल, तर दोघांचे मिळून एक जोत. हिशेब कागदावर नसतो, पण कुणाचे किती दिवस फिटायचे राहिलेत हे साऱ्या वाडीला ठाऊक असतं.

एका कुणग्यापाशी, म्हणजे भातखाचरापाशी, थोडं थांबून पाहिलं तर कामाची वाटणी कळते. सकाळी पुरुष किंवा हल्ली पॉवर टिलर चिखल करतो, वरून फळी फिरवून तो सपाट होतो. दोघीतिघी तरवा उपटतात, मुळांची माती पाण्यात आपटून धुतात आणि मुठी बांधतात. पोरं त्या मुठी बांधाबांधाने फेकत जातात. मूठ नेमकी बाईच्या हाताशी पडली पाहिजे, मागे पडली तर वळावं लागतं आणि ओळ मोडते. बाया कमरेत वाकून मागे मागे सरकत लावतात. पाठीवर पूर्वी बांबूच्या कामट्या आणि पानांचं इरलं असे, आता प्लॅस्टिकची खोळ. दहाच्या सुमारास घरून पेजेचं भांडं येतं. उकड्या तांदळाची पेज, सोबत लोणचं किंवा भाजलेलं सुकं. चिखल आता पूर्वीइतका बिनधास्त राहिलेला नाही. उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसमुळे या दिवसांत गावोगाव आरोग्यसेविका गोळ्या वाटत फिरतात आणि पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नका म्हणून सांगतात. सांगणं बरोबर असतं. लावणीच्या दिवसांत पायाला जखम नसलेली बाई मात्र शोधून काढावी लागते.

या चित्रात बायाच जास्त दिसतात, याला इतिहास आहे. गिरण्यांच्या काळापासून रत्नागिरीचा पुरुष मुंबईत आणि शेत बाईच्या हातात, अशी वाटणी झाली. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात दर हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या, तर रत्नागिरी जिल्ह्यात १,१२२. मनीऑर्डर मुंबईहून येई. गावाहून तांदूळ, कुळीथ आणि माणसं जात. गिरणीकामगार पावसाच्या तोंडाला रजा टाकून गावी येई, नांगरणी करून परत जाई. जानेवारी १९८२मध्ये सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. पगार बंद झाला तेव्हा त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी बायकापोरांसह गाव गाठलं. ज्या दोन एकरांना शहरातली माणसं ‘पोटापुरती शेती’ म्हणून हसत, त्यांनीच त्या काळात पोट धरलं.

भाद्रपदात शेताला माणसाची गरज सर्वांत कमी असते. लावणी झालेली, बेणणी आटोपलेली, लोंब्या यायला अवकाश. गणपती नेमका याच खिंडीत येतो. चाकरमानी येतात, २६ जानेवारी १९९८ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाल्यापासून तर लोंढ्याने येतात. गणपतीच्या डोक्यावर बांधलेली माटवी बघितली तर त्या महिन्यातला सगळा परिसर तिथे टांगलेला असतो: नारळ, सुपारीचं शिंपुट, तवसं, कवंडळ, हरणं, कांगण्यांचे घोस, शेरवडाची पांढरी पानं. रान ओळखत नसलेल्या पोराला माटवी सजवता येत नाही. त्यामुळे दरवर्षी एकदा तरी आजोबा नातवाला डोंगरात नेतात. दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, फक्त हाताने लावलेलं किंवा आपोआप उगवलेलं. पुराणातलं कारण काहीही असो, ज्या घरात बैल नुकताच लावणीच्या चिखलातून बाहेर आलेला असतो, तिथे या नेमाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. आणि परसातल्या भाज्याही त्याच वेळी ऐन भरात असतात. दोडका, पडवळ, भेंडी, अळू, भोपळा. मोठी तवशी आणि भोपळे मात्र सगळे कापत नाहीत. काही दोरीने बांधून वाशाला लटकवतात. ते पुढे कित्येक महिने टिकतात आणि हिवाळ्यात कधीतरी त्या तवशाचं, तांदळाचा रवा आणि गूळ घालून, धोंडस होतं.

आश्विनात नवान्न. भाताची लोंबी, आंब्याचं पान, कुर्डूचं फूल यांची जुडी दाराला बांधतात आणि हळव्याची कापणी सुरू होते. हाच धोक्याचा काळ, कारण परतीचा पाऊस. कापून आडवं पडलेलं भात दोन दिवस भिजलं की दाण्याला तिथेच मोड येतात. पिवळं शेत समोर आणि आभाळ काळं, अशा दुपारी शाळेतून आलेली पोरं दप्तर टाकून भारे वाहायला धावतात. झोडणी, वारा देणं, भात कणगीत. पुढच्या वर्षीचं बी वेगळं, पेंढ्याच्या मुड्यात आवळून, निरगुडीच्या पाल्यासोबत. पेंढ्याची उडवी रचून ठेवायची, ती गुरांना मे महिन्यापर्यंत पुरायला हवी. दिवाळीच्या पहाटे कोकणात लाडू-चकलीआधी पोह्यांचा मान असतो, दूधपोहे, गूळपोहे, तिखट पोहे, ते याचमुळे. घरात त्या क्षणी ताजं काही आलेलं असेल तर ते नवं भात.

भात घरात आलं म्हणजे तांदूळ झाला असं नाही. हिवाळ्यात एखाद्या दिवशी अंगणात तीन दगडांवर मोठा हंडा चढतो आणि रात्रभर भिजवलेलं भात उकडायला लागतं. टरफल जरासं फुटून आतला दाणा दिसू लागला की आच बंद. मग उपसून, निथळून तट्ट्यावर. कडक उन्हात एका दमात वाळवलं तर दाण्याला बारीक चिरा जातात आणि गिरणीत त्याचा चुरा होतो. म्हणून ऊन देऊन सावलीत ओढायचं, पुन्हा ऊन. वाळलं की नाही ते यंत्र सांगत नाही. आजी एक दाणा सोलून दाताखाली धरते. कट्‌कन तुटला तर गिरणीला द्यायचा, दबला तर अजून अर्धा दिवस. उकडताना कोंड्यालगतची ब जीवनसत्त्वं दाण्याच्या आत उतरतात, त्यामुळे भरडल्यावरही ती पुष्कळशी टिकतात. लावणीच्या चिखलात दहा वाजता ज्या पेजेवर बाई पुढचे चार तास वाकते, तिची ताकद अशी डिसेंबरातल्या हंड्यात तयार झालेली असते.

मळ्यातलं भात निघालं की जमिनीला उरलेली ओल असते आणि ती फुकट घालवायची नसते. कुळीथ फोकला की तो त्या ओलीवर, एक थेंब पाणी न मागता येतो. भाजून दळला की वर्षभराची पिठी. ओढ्याला दगड-माती-पाल्याचे बांध घालून पाणी अडवता आलं तर वायंगणाचं भात किंवा लाल माठ, मुळा, मिरची, वांगी. हेच दिवस जत्रांचे. रात्री दशावतार पाहायला सारं गाव देवळापाशी, सकाळी डोळे चोळत मळ्याला पाणी.

गेल्या तीन-चार दशकांत हे चक्र अनेक ठिकाणी तुटलं. १९९०पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेने भरड जमिनीवर आंबा आणि काजू आले आणि घरात पहिल्यांदा रोख पैसा दिसू लागला. पण मोहराची फवारणी आणि भाताची मळणी एकाच सुमारास येऊ लागली. बैल गेले, टिलर आले. टिलर शेण देत नाही आणि पेंढा खात नाही, म्हणून भाजावळीचं शेण आणि उडवीचं कारण दोन्ही गेलं. एका भावाने मळा पडीक टाकला की त्यात झुडपं वाढतात, झुडपांत रानडुकरं, आणि मग शेजारच्याला राखण परवडत नाही. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळाने रायगड-दापोलीच्या पोफळी मोडल्या; पोफळ पुन्हा धरायला पाच-सात वर्षं लागतात. पुढच्याच वर्षी मे महिन्याच्या मध्यावर तौक्ते आलं, म्हणजे नेमकं आंब्याच्या अखेरीला आणि वाळवणाच्या ऐन भरात. बिगरमोसमी पाऊस आता कुठल्याही महिन्यात येऊ शकतो, आणि वाळवणावर उभ्या असलेल्या घराला त्याची झळ शेतापेक्षा आधी लागते. काही बचतगटांनी सोलांसाठी सौर वाळवणयंत्रं घेतली आहेत. आभाळाकडे बघण्याची सवय मात्र यंत्र आल्यावरही सुटलेली नाही.

तरी मे सरताना कणकवली किंवा कुडाळ स्थानकावर उभं राहिलं तर बेगमी कुठवर गेली आहे ते दिसतं. परतणाऱ्या प्रत्येक कुटुंबाच्या सामानात एक गोणी असते आणि तिचं तोंड सुतळीने शिवलेलं असतं. तळाला उकडे तांदूळ, त्यावर कुळथाच्या पिठाचा डबा, नारळ सोललेले पण शेंडी राखलेले, फणसपोळीची वळकटी, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं सुकं. त्याचा वास डबाभर पसरू नये म्हणून वर तीन पिशव्या. आगळाची बाटली गोणीत घालत नाहीत. तिच्या बुचाला प्लॅस्टिक गुंडाळून रबर लावलेलं असतं आणि ती कुणाच्या तरी मांडीवर, पायांत धरून, थेट डोंबिवलीपर्यंत उभीच जाते.